दर महिन्याचा खाडा

स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं नाही असं घर आपल्यापैकी क्वचितच कुणाचं असेल. मोबाईल आले, त्यात तारखा आल्या, तिथी आल्या, तरी ओट्याशेजारच्या खिळ्यावरचं कॅलेंडर काही हललेलं नाही. कारण त्याचा खरा उपयोग तारीख बघायला नसतोच मुळी. दूधवाल्याचा खाडा, कामवालीचा खाडा, सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याला पैसे कधी दिले, हे सगळं तिथं. दुधाचा खाडा झाला की मी त्या तारखेवर फुली मारते आणि महिनाअखेरीला फुल्या मोजून पैसे कापते. अर्ध्या लिटरचा हिशोबसुद्धा सोडत नाही म्हणून आमचे हे मला हसतात.

पण मैत्रिणींनो, एका खाड्याचा हिशोब मी इतकी वर्षं कधी केला नव्हता. तो मला शाळेच्या हजेरीपटानं करायला लावला.

मी इथल्या एका शाळेत आठवड्यातून चार दिवस नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. गेल्या वर्षी एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून नववीच्या एका तुकडीची हजेरी माझ्याकडे आली. त्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसणारी, निबंध छान लिहिणारी, बोलायला जरा बुजरी. महिन्यातून दोन दिवस, कधी तीन दिवस, तिच्या नावापुढे गैरहजेरी. चिठ्ठीत मजकूर ठरलेला, ‘पोटात दुखत होते.’ एकदा नेमकी चाचणीच्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा मी भर वर्गात म्हणाले, "काय गं, परीक्षा आली की बरं तुझं पोट दुखतं!" मागच्या बाकांवरची मुलं हसली. ती खाली मान घालून उभी राहिली. मुलींपैकी मात्र कुणी हसलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पुढल्या महिन्यात मधल्या सुट्टीत मी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेले, तर ही बाहेरच्या भिंतीला टेकून खाली बसलेली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, नुकतीच उलटी झालेली, आणि दोन्ही हातांनी ओटीपोट आवळून धरलेलं.

"कधीपासून दुखतंय?"

"पहाटेपासून."

"मग आलीस कशाला शाळेत?"

"बाई, तुम्ही रागावता म्हणून."

त्या रात्री मी हजेरीपट उघडून तिच्या खाड्यांमधले दिवस मोजले. एकोणतीस, एकतीस, अठ्ठावीस, तीस. दुधाच्या फुल्या मोजणाऱ्या बाईला हे सहा महिने दिसलं नव्हतं.

तुम्हीही जरा माझ्याबरोबर हिशोब करून बघा. महिन्याला दोन दिवस धरले तर वर्षाचे चोवीस. चौदाव्या वर्षापासून बावीस वर्षांपर्यंत, म्हणजे शिक्षणाच्या ऐन आठ वर्षांत, एकशे ब्याण्णव दिवस. सहा महिन्यांहून जास्त! आणि हे फक्त अंथरुणावर काढलेले दिवस. वर्गात बसूनही ज्यात डोक्यात काही शिरलं नाही ते दिवस वेगळे. तारीख जवळ आली की आधीपासून जी धास्ती बसते ती वेगळी. सहलीला नाव द्यायचं नाही, कबड्डीच्या संघात राहायचं नाही, आत्याकडे मुक्कामाला जायचं नाही, कारण ‘तेव्हाच आली तर?’ असं करत करत मुलगी स्वतःच मागे सरकत जाते आणि आपण म्हणतो, हिला कशात उत्साहच नाही.

मी तिच्या आईला बोलावून घेतलं. बाई समजूतदार, शिवणकाम करून घराला हातभार लावणारी. पण विषय निघताच म्हणाली, "बाई, आम्ही नाही का सोसलं? आतापासून एवढं केलं तर पुढं बाळंतपण कसं सोसायची ही? आणि खरं सांगू, पहिलं वर्ष-दीड वर्ष हिला काहीसुद्धा दुखत नव्हतं. दहावी जवळ आली तसं हे निघालंय. अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!"

मला तिचा राग आला नाही. राग कुठल्या तोंडानं येणार? माझी आई मला हेच म्हणाली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या एका पेपराला मी तासभर लिहिलं आणि मग डोळ्यांपुढे अंधारी आली. पर्यवेक्षक एक पुरुष होते, त्यांना काय सांगणार? ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणून उत्तरपत्रिका देऊन बाहेर आले. तो विषय राहिला, ऑक्टोबरला पुन्हा बसावं लागलं. घरी सांगितलं, पेपर फार कठीण होता. वडिलांना आजही तेच ठाऊक आहे. एवढं सगळं भोगलेली मी, वर्गात एका मुलीला सगळ्यांदेखत बोलते, याला काय म्हणावं? आपण सोसलं म्हणजे पुढचीनंही सोसावं, असं आपल्या अंगात भिनलेलंच असतं बहुधा.

पण त्या आईच्या बोलण्यातल्या एका वाक्याचं उत्तर मला हवं होतं, म्हणून मी आमच्या इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. पहिलं वर्षभर दुखत नाही आणि मग दुखायला लागतं, हे कसं काय? त्या म्हणाल्या, हेच तर खरं दुखणं असल्याची खूण आहे. पाळी नव्यानं सुरू होते तेव्हा बऱ्याच मुलींच्या शरीरात दर महिन्याला बीज तयार होत नसतं, नुसताच रक्तस्राव होतो. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक काळानं बीज नियमित बाहेर पडू लागतं, आणि मग कळा सुरू होतात. म्हणजे जे आईला नाटक वाटतं, ते मुलीचं शरीर रुळावर आल्याचं लक्षण असतं!

कळा का येतात, तेही सांगते. गर्भाशय म्हणजे एक स्नायूंची पिशवी. आतलं अस्तर सुटून बाहेर पडायच्या वेळी त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ सुटतात, त्यानं ती पिशवी आवळते. ओलं धुणं पिळावं तशी. ज्यांच्या शरीरात हे पदार्थ जास्त प्रमाणात तयार होतात, त्यांची पिशवी इतकी पिळवटली जाते की स्नायूंचा रक्तपुरवठाच घटकाभर आखडतो, आणि त्याची ती कळ. तेच पदार्थ रक्तातून आतड्यापर्यंत पोचले की जुलाब, मळमळ, उलटी, डोकेदुखी. आपल्यापैकी ज्यांना दिवस भरूनही कळा येत नव्हत्या, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी आत एक जेल ठेवलेली आठवत असेल. ती जेल प्रोस्टाग्लँडिनचीच असते. आता बोला! ज्या औषधानं बाळंतकळा आणतात, त्याच जातीचा पदार्थ चौदा वर्षांच्या पोरीच्या पोटात तयार होतोय, आणि आपण तिला म्हणतो, लक्ष दुसरीकडे घाल, थांबेल.

ही माहिती काही आजची नाही. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ पिकल्स यांनी १९५७ साली पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे १९७१ साली जॉन व्हेन यांनी सिद्ध केलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी १९८२ साली त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधी मोठमोठे डॉक्टरसुद्धा हे दुखणं मनाचे खेळ म्हणून सोडून देत. डॉक्टर सुधारले, आपण घरात अजून तिथंच आहोत.

आता औषधाचं. ‘दर महिन्याला गोळी घेतली तर सवय लागेल, पुढं मूल व्हायला अडचण येईल’, हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय! मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही, आणि महिन्यातले दोन-तीन दिवस त्या घेतल्यानं वांझपण येत नाही. गंमत बघा, गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण निघाला, की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपण केमिस्टकडून बिनदिक्कत आणतो. त्या तर सरळ सरळ हार्मोनच्या गोळ्या, डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत अशा. देवासाठी चालतात, दुखण्यासाठी मात्र गोळी वाईट!

गोळी घ्यायची ती वेळेवर, यात सगळी मेख आहे. आपली पद्धत अशी की आधी सोसायचं, अगदीच सहन होईना म्हणजे संध्याकाळी एक गोळी, आणि मग म्हणायचं, ‘गोळीनंही फरक पडत नाही.’ तोवर पोटात ते पदार्थ तयार होऊन चुकलेले असतात. ते होऊच नयेत यासाठी गोळी असते. म्हणून पाळी सुरू होताक्षणी, किंवा तारीख नेमकी असेल तर आदल्या दिवसापासून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत आणि अंतरानं, दोन-तीन दिवस घ्यायची. काहीतरी खाऊन घ्यायची, उपाशीपोटी नाही. शेजारणीची गोळी मात्र आपल्या मुलीला देऊ नका. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, दमा असेल, तर या गोळ्या त्रास देऊ शकतात. २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक इशारा दिला होता, तोही लक्षात असू द्या. क्वचित कुणाला या गोळीची तीव्र ॲलर्जी येते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं, मग ते गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनी का असेना, तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं. घाबरायचं कारण नाही, डोळे उघडे ठेवायचे.

शेक हा आपल्या आज्यांचा उपाय, आणि तो खरोखर गुणकारी आहे, डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. रबरी पिशवी नसेल तर जाड काचेच्या नाहीतर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, घट्ट झाकण लावून, ती जुन्या मोज्यात घालावी आणि ओटीपोटावर धरावी. उघडी बाटली अंगाला लावू नका, आणि शेक घेता घेता झोपू नका. पोट भाजून घेतलेली एक मुलगी माझ्या माहितीत आहे. एरवी महिनाभर चालणं, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, काय जमेल तो व्यायाम नियमानं करणाऱ्या मुलींना पुढे पुढे त्रास कमी होतो. ओव्याचं पाणी, हिंग-गूळ, बाळंतशोपा यांनी बरं वाटत असेल तर जरूर द्या. गरम गरम काही आईनं हातात आणून दिलं याचाही एक आधार असतोच. पण तो गोळीऐवजी नको. दही-लिंबू-लोणचं बंद करण्यात काही अर्थ नाही. जेवण मात्र नीट हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी एकोणसाठ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. त्यात अंगावरून जास्त जात असेल तर ती पोर उभी तरी कशी राहणार? रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील.

आमच्या सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी हे नव्हतं. बाहेर बसलं की चार दिवस कुणी कामाला हात लावू द्यायचं नाही. तेवढीच विश्रांती." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. वेगळं ताट, वेगळी घोंगडी, कोपऱ्यात बसायचं, पोरंबाळं कावळा शिवला म्हणून चिडवणार, अशा अपमानाच्या पुडीत बांधून ती विश्रांती मिळायची. आणि ज्या घरात दुसरी बाई नव्हती तिथं तीही नाही. शेतातली कामं, धुणी, शेणगोठा यांना विटाळ नसायचा! आता आपण विटाळ पाळत नाही (निदान शहरात तसं म्हणतो), ते चांगलंच झालं. पण विटाळाबरोबर विश्रांतीही फेकून दिली. आजची मुलगी त्याच दिवशी शाळा, क्लास, घरी आल्यावर भावाला चहा, सगळं करते. तिला गादीवर पडून राहायला सांगताना ‘शिवू नकोस’ म्हणायची गरज नाही, एवढंच.

इथपर्यंतचं झालं साध्या दुखण्याचं. पण सगळंच दुखणं साधं नसतं, आणि ते मला घरातच शिकायला मिळालं. माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दर महिन्याला ती दोन दिवस खोलीचं दार लावून घ्यायची. मी तिला ओव्याचा काढा करून द्यायचे आणि स्वतःवर खूश असायचे की बघा, नणंदेचं किती करते. घरात सगळे म्हणत, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही. मग म्हणू लागले, एक मूल झालं की थांबेल. मूल होईना. आता तिचं दुखणं पाळीपुरतं राहिलं नव्हतं. आधी आठवडाभर, नंतरही, शौचाला बसलं तरी कळ. सासरी ‘माहेरून दुखणं घेऊन आली’ असं बोलणं सुरू झालं. शेवटी पुण्याला दुर्बिणीतून तपासणी झाली. एंडोमेट्रिओसिस. बीजकोशावर रक्तानं भरलेली मोठी गाठ, आतडं चिकटलेलं. पहिल्या दुखण्यापासून इथपर्यंत दहा वर्षं गेली होती.

ऑपरेशननंतर मी तिच्याजवळ बसले होते. ती म्हणाली, "वहिनी, सगळ्यांनी मला कधी थांबेल ते सांगितलं. कसं दुखतं ते कुणीच विचारलं नाही." त्या ‘सगळ्यांत’ मी होते. अजूनही तिच्याकडे गेले की ओव्याचा वास आला तरी मला कसंसंच होतं.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर, बीजकोशांवर, आतड्यांवर, पोटातल्या पडद्यावर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या सुमारे दहा टक्के बायका-मुलींना तो असतो, म्हणजे जगात एकोणीस कोटींच्या आसपास. आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात, ते केवळ आपल्याकडेच नाही, जगभर. औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो, गरज पडली तर ऑपरेशन करतात; पण लग्न आणि बाळंतपण हे त्यावरचे इलाज नव्हेत. ‘थांबेल’ म्हणून मुलीचं लग्न लवकर उरकणाऱ्या आयांना मला हे हात जोडून सांगायचंय.

मग साधं कुठलं आणि दुसरं कुठलं, हे कसं ओळखायचं? साधं दुखणं पाळीच्या थोडं आधी किंवा पाळीबरोबर सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. वर्षं उलटतात तसं ते सहसा वाढत नाही. ज्या मुलीचं दर वर्षी वाढत जातं, पाळी नसतानाही दुखतं, शौचाला किंवा लघवीला त्या दिवसांत कळ येते, दोन तासांच्या आत पॅड भिजतं किंवा मोठ्या गाठी पडतात, तिला दाखवायलाच हवं. गोळ्या नीट, वेळेवर, तीन महिने घेऊनही शाळा बुडत असेल तरी दाखवायचं. ताप आणि घाण वास असेल तर लगेच. पाळी आलीच नाही पण दर महिन्याला पोट मात्र दुखतं, असंही एखाद्या मुलीचं असतं. आत रक्त बाहेर यायचा मार्गच बंद असू शकतो. विवाहित मैत्रिणींनो, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखत असेल तर ते ‘असायचंच’ म्हणून सोडू नका. हे मी तुमच्यासाठी लिहितेय, मुलीसाठी नव्हे.

कुमारी मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायला आया कचरतात, त्याचं कारण मला माहीत आहे. ‘आतून तपासतील’ ही एक भीती, आणि बाहेरच्या बाकावर कुणी ओळखीचं भेटलं तर ते काय म्हणेल ही दुसरी. पहिल्या भीतीचं सांगते. साध्या दुखण्यात डॉक्टर विचारपूस करूनच औषध देतात. सोनोग्राफी लागली तरी ती भरपूर पाणी पिऊन पोटावरून करतात. आतून तपासणीची जरुरी बहुधा पडतच नाही, आणि तुमच्या मुलीच्या मर्जीविना ती करायची नसते. मात्र सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे दुखणं खोटं, असं समजू नका. एंडोमेट्रिओसिस पुष्कळदा सोनोग्राफीत दिसत नाही. दुसऱ्या भीतीवर इलाज नाही. ओळखीचं भेटलं तर सरळ सांगायचं, पाळीत दुखतं म्हणून आणलंय.

कधी डॉक्टर गर्भनिरोधक गोळ्या लिहून देतात. त्या कागदावरचं नाव वाचून माझ्या एका मैत्रिणीनं तो तिथंच फाडला होता! माझ्या कुमारी मुलीला या गोळ्या? पण त्या गोळ्यांनी बीज बाहेर पडणं थांबतं, अस्तर पातळ राहतं, आणि मग प्रोस्टाग्लँडिनही कमी तयार होतं, इतकं साधं ते गणित आहे. बंद केल्या की पाळी पूर्ववत होते. डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि एक करा, मुलीला स्वतःला बोलू द्या. आपण आया डॉक्टरांपुढे सगळं आपणच सांगतो, पोरगी नुसती मान हलवते.

दुखणं वेळेवर न बघितल्याचा शेवट किती टोकाला जातो, ते आपल्या महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांचा प्रश्न २०१९ साली वर आला. सरकारी समितीनं ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेकजणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीत दुखलं म्हणून काम बुडालं तर मुकादम दंड कापतो. त्या दंडालाही ‘खाडा’च म्हणतात. तो शब्द पेपरात वाचला तेव्हा माझं लक्ष आपसूक आमच्या कॅलेंडरकडे गेलं.

रजा द्यावी का, यावर आमच्या शिक्षक-खोलीत मोठा वाद झाला. बिहार सरकारनं १९९२ सालीच आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची खास रजा दिली. केरळात २०२३ च्या सुरुवातीला विद्यापीठांतल्या मुलींना हजेरीत दोन टक्के सवलत मिळाली. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अशानं बायकांना नोकऱ्या कोण देईल?" २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानंही ही शंका बोलून दाखवली होती. मला विचाराल तर रजा असावी, पण ती मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नये. जे दुखणं चार गोळ्या आणि एका शेकानं थांबण्यासारखं आहे त्यासाठी मुलगी घरी कशाला पडून राहील? आधी इलाज, मग रजा. आमच्या मुख्याध्यापकांना मी एवढंच मागितलं, वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करून द्या. महिना लागला. आता तिथं एक चटई, उशी, गरम पाण्याची पिशवी आणि विजेची किटली आहे. किल्ली मुलींच्या हाती असते, मागायला यावं लागत नाही.

त्या मुलीच्या आईला मी एकच काम सांगितलं होतं. कॅलेंडरवर दुधाच्या फुलीशेजारी मुलीला तिची खूण करू द्या. कुठल्या दिवशी आली, किती दुखलं, दहापैकी किती ते तिनंच लिहायचं, गोळी कधी घेतली, शाळा बुडली का. तीन महिने. आई म्हणाली, "भिंतीवर? घरात पुरुषमाणसं वावरतात, बाई." मग पानाच्या मागच्या बाजूला लिहायचं ठरलं. तो कागद घेऊन दोघी डॉक्टरांकडे गेल्या, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणे फारसं काही विचारावंच लागलं नाही.

मी तिची माफी मागितली, तीही भर वर्गात, कारण बोलले होते भर वर्गात. पाळीचा उल्लेख केला नाही, ती लाजली असती. ‘ही खरं सांगत होती, चूक माझी होती’, एवढंच म्हणाले. ती आता दहावीला आहे. जूनपासूनचा हजेरीपट काल बघितला. एकच खाडा आहे, आणि तो मावसबहिणीच्या लग्नाचा.